एमआरची नोकरी सोडून स्पर्धक कंपनीत जाताना: राजीनाम्याच्या आधी, नोटीसमध्ये आणि नंतर काय करायचं

महिन्याच्या २८ तारखेनंतर रात्री साडेदहाला मॅनेजरचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, हे फिल्डवर काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. "क्लोजिंग (महिनाअखेरीचा विक्रीचा आकडा) किती होतंय?" एवढ्या एका प्रश्नाभोवती अख्खा महिना फिरतो. मी सांगली हेडक्वार्टरला, म्हणजे सांगली हे कामाचं मुख्य गाव धरून, सात वर्षं एमआर (औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी) होतो. सांगली, मिरज रोजचं, जयसिंगपूर-तासगाव एक्स-स्टेशन (जाऊन त्याच दिवशी परत), जतला मुक्काम. शेवटची दोन वर्षं डॉक्टर काय लिहितात, केमिस्टकडून किती जातंय याची वर कुणी चौकशीच करेना. प्राइमरी (कंपनीकडून स्टॉकिस्टला) बिल फाडा, माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, ढकला, पुढचं पुढे बघू. मला ते सहन होईना. शेवटी त्याच थेरपीतल्या, म्हणजे त्याच आजारांची औषधं विकणाऱ्या, स्पर्धक कंपनीत गेलो. डॉक्टर तेच, केमिस्ट तेच, फक्त हातातली बॅग बदलली.

निर्णय घेणं त्यामानानं सोपं गेलं. त्यानंतरच्या चार महिन्यांत कुठला कागद आधी, कुणाशी काय बोलायचं, कशावर सही करायची नाही, हे मला ठेचा खात कळलं. तुम्हाला त्या ठेचा लागू नयेत म्हणून क्रमानं लिहितोय. एफएमसीजी, पेंट, विमा अशा दुसऱ्या सेल्समध्ये असाल तरी यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

१. आधी स्वतःचं नेमणूकपत्र काढा आणि पूर्ण वाचा

आपण रुजू होताना सही करतो आणि ते पत्र घरच्या कपाटात जातं. आता ते बाहेर काढा आणि पेन्सिलनं चार गोष्टींवर खुणा करा: नोटीस किती दिवसांची, नोटीस न भरल्यास किती पगार कापणार, ट्रेनिंगचा बाँड आहे का, आणि सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायला मनाई आहे का.

चौथ्या कलमाची सगळ्यांना भीती वाटते. "नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत काम करणार नाही" असं माझ्याही पत्रात होतं आणि मॅनेजर त्याच ओळीवर बोट ठेवायचा. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला याच कलमावर गेला होता. त्याचं काम पाहणाऱ्या कंपनीनं करार संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवणारी अट पुढे केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही.

पण याची दुसरी बाजूही नीट समजून घ्या, कारण आपली पोरं इथंच फसतात. नोकरी चालू असतानाची बंधनं वैध असतात. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातले निरंजन गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून राजस्थानातल्या स्पर्धक कारखान्यात गेले, तेव्हा १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कराराच्या मुदतीपुरती त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली. बाँडचंही तसंच आहे. २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट न्यायालयानं योग्य ठरवली. म्हणजे सोडून गेल्यावर कुठं काम करायचं हे जुनी कंपनी ठरवू शकत नाही, पण मुदत, नोटीस आणि बाँडचे पैसे यांचा हिशोब तुम्हाला चुकवावाच लागतो. बाँडची रक्कम मोठी असेल तर कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा पत्र दाखवा. त्या एका बैठकीची फी परवडते.

२. नवी ऑफर कागदावर येईपर्यंत तोंड उघडू नका

आपल्या लाइनमध्ये ऑफर बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर येते. समोरच्या कंपनीचा एरिया मॅनेजर सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर भेटतो, "तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघतो" म्हणतो. तो माणूस प्रामाणिक असेल, पण तुमचं पत्र तो काढत नाही, एचआर काढतं. माझ्या ओळखीच्या एकानं अशा शब्दावर राजीनामा दिला, आणि तेवढ्यात तिकडं ते हेडक्वार्टरच दुसऱ्यात विलीन झालं. तीन महिने घरी बसला बिचारा.

ऑफर लेटरमध्ये हे बघा: फिक्स पगार किती आणि इन्सेंटिव्ह धरून फुगवलेला आकडा किती, हेडक्वार्टरचं नाव लिहिलंय का, एक्स-स्टेशन आणि मुक्कामाचा डीए (फिरतीचा रोजचा भत्ता), किलोमीटरचा दर, प्रोबेशन आणि त्यातली नोटीस, जॉइनिंग बोनस असेल तर लवकर सोडल्यास परत मागणार का. जुन्या कंपनीपेक्षा नवीचा आकडा मोठा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. सांगलीत राहून जत, विटा करणाऱ्या माणसाला डीएच्या दरातला फरक महिन्याला जाणवतो.

पगाराच्या स्लिपमध्ये आकडे फिरवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. नंतर पडताळणी होते आणि पीएफच्या पासबुकातून मूळ पगाराचा अंदाज सहज येतो.

३. तारीख विचार करून निवडा

संतापाच्या भरात महिनाअखेरीला राजीनामा देऊ नका. आधी तीन तारखा तपासा.

पहिली इन्सेंटिव्हची. बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात "पैसे वाटण्याच्या दिवशी कर्मचारी सेवेत असावा" अशी ओळ असते, काही ठिकाणी तर "नोटीसवर नसावा" असंही. तिमाहीचं इन्सेंटिव्ह खात्यात आल्यावर राजीनामा दिला तर तुमच्या कष्टाचे पैसे तुम्हाला मिळतात.

दुसरी ग्रॅच्युइटीची. कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांनंतर ती मिळते. हिशोब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. ही बेरीज २६,००० असेल तर वर्षाला १५,००० पडतात, सात वर्षांचे १,०५,०००. पाच वर्षांना दोन-तीन महिने कमी असतील तर दात आवळून थांबा.

तिसरी तारीख शिल्लक रजांची. नोटीसमध्ये रजा मिळेल का, त्या नोटीसच्या दिवसांत वळत्या होतील का, की त्यांचे पैसे मिळतील, हे धोरणात वाचून ठेवा.

४. राजीनाम्याच्या आधी गोळा करायची कागदपत्रं

स्पर्धकाकडे चाललाय हे कळताच काही कंपन्या त्याच संध्याकाळी मेल आणि ॲप बंद करतात. माझं लॉगिन दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं होतं. म्हणून हे सगळं आधीच घरच्या मेलवर किंवा छापील घेऊन ठेवा:

• नेमणूकपत्र, कन्फर्मेशन, पगारवाढीची आणि बढतीची पत्रं
• निदान शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि मागच्या वर्षांचे फॉर्म १६
• इन्सेंटिव्हची स्वतःची स्टेटमेंट, मंजूर आणि प्रलंबित खर्चाचे क्लेम
• यूएएन (पीएफचा कायमचा) क्रमांक, पीएफचं पासबुक
• ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसी क्रमांक
• कंपनीनं मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील तर त्यांची पोच

आणखी एक काम, जे मी विसरलो होतो. कंपनीचं सिम वापरत असाल तर आधार, बँक, यूएएन यांना कुठला नंबर जोडलाय ते आजच बघा. सिम परत दिल्यावर ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातो. मला आधारचा नंबर बदलायला केंद्रावर रांगेत उभं राहावं लागलं आणि पीएफचं काम तेवढे दिवस अडलं.

आता काय घ्यायचं नाही ते. डॉक्टरांची यादी, कोण किती लिहितो याचा तक्ता, आरसीपीएच्या (केमिस्टकडून घेतलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या नोंदींच्या) शीट, स्टॉकिस्टवार सेकंडरी (स्टॉकिस्टकडून दुकानांना झालेली विक्री), स्कीमचे दर, नव्या लाँचची माहिती, यातलं काहीही स्वतःला मेल करू नका, पेन ड्राइव्हवर उतरवू नका, स्क्रीनचे फोटो काढू नका. सात वर्षं तुम्हीच ती यादी भरलीत, तरी ती कंपनीची. बेइमानीनं, परवानगीशिवाय असा डेटा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि खरं सांगायचं तर गरजच पडत नाही. मिरजेत कुठले सर दुपारी दोननंतरच भेटतात, कुणाचा कंपाउंडर सोमवारी कार्ड आत घेत नाही, हे तुमच्या डोक्यात पक्कं असतंच. डोक्यातलं ज्ञान आणि ओळख तुमची. फाइल त्यांची.

५. राजीनामा: आधी फोन, लगेच मेल

मॅनेजर कसाही वागलेला असो, त्याला बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका. सकाळी, फिल्डवर निघायच्या आधी फोन करा, दोन वाक्यांत सांगा आणि ठेवा. दहा मिनिटांत मेल पाठवा, एचआर प्रतीमध्ये आणि स्वतःचा खासगी मेलही प्रतीमध्ये. पोर्टलवर राजीनाम्याची सोय असेल तर तिथंही भरा आणि तारखेसह पोच जपा. नुसता व्हॉट्सॲप मेसेज पुरेसा धरू नका.

पत्र इंग्रजीत लिहा की मराठीत, मजकूर एवढाच असू द्या:

"मी सांगली हेडक्वार्टर येथील वैद्यकीय प्रतिनिधी या पदाचा आज राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार माझी नोटीसची मुदत ३० दिवसांची असून माझा शेवटचा कामाचा दिवस अमुक तारीख राहील. या काळात मी हँडओव्हर पूर्ण करेन. कृपया राजीनामा स्वीकारल्याचं आणि कार्यमुक्तीची तारीख लेखी कळवावी."

कारण लिहू नका, तक्रारी लिहू नका, नव्या कंपनीचं नाव लिहू नका. मी पहिल्या मसुद्यात दोन पानं भरून दोन वर्षांचा राग ओतला होता. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "हे त्यांना कशाला? यातली तारीख तेवढी ठेव." तेच पाठवलं आणि तेच योग्य होतं.

कुठं चाललाय असं विचारलं तर खोटं बोलू नका. "जॉइन झाल्यावर सांगतो, सर," म्हणा आणि विषय तिथंच ठेवा. दोन महिन्यांत त्याच ओपीडीच्या बाकावर शेजारी बसायचंय तुम्हाला.

६. नोटीसच्या दिवसांत

तीन प्रकार घडतात. गोड बोलून थांबवतात, घाबरवतात, किंवा उत्तरच देत नाहीत.

पगार वाढवून देतो म्हणाले तर आठवून बघा, तुम्ही पगारासाठी निघालात का. माझा त्रास डम्पिंगचा, म्हणजे नको असलेला माल स्टॉकिस्टच्या गळ्यात मारण्याचा, होता, तीन हजार वाढून तो थांबला नसता. घाबरवायला लागले तर फोनवर वाद घालू नका, "सर, हे मेलवर द्या" एवढंच म्हणा. बहुतेक वेळा मेल येत नाही. आणि उत्तरच आलं नाही तर दर आठवड्याला त्याच मेलच्या साखळीत एक नम्र आठवण पाठवा आणि काम चालू ठेवा.

काम म्हणजे खरोखर काम. टूर प्रोग्रॅम भरा, कॉल (डॉक्टरांच्या भेटी) करा, डीसीआर (दिवसभराच्या भेटींचा अहवाल) त्याच दिवशी टाका. डीसीआर थांबला की "न कळवता गैरहजर" असा शेरा मारायला आयतं कारण मिळतं. न केलेले कॉल टाकण्याची सवय असेल तर निदान या महिन्यात ती मोडा.

याच काळात नव्या कंपनीसाठी एकही कॉल करू नका, त्यांच्या मीटिंगला "नुसतं बसायला" जाऊ नका. तुम्ही अजून जुन्या कंपनीचे नोकर आहात, पहिल्या पायरीवरचा गोलिकरी खटला आठवा. नव्यांनी घाई केली आणि जुनी कंपनी लवकर सोडायला तयार असेल, तर नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून मिटवा, पण तसं लेखी घ्या. या वसुलीवर कुणी १८ टक्के जीएसटी लावत असेल तर ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक दाखवा. अशा वसुलीवर कर लागत नाही, असा त्यात स्पष्ट खुलासा आहे.

७. स्टॉकिस्टचा हिशोब, सगळ्यात महत्त्वाचा

रिलीव्हिंगच्या चेकलिस्टमध्ये याला एक ओळ असते: "स्टॉकिस्ट नो ड्यूज," म्हणजे स्टॉकिस्टचं काही देणंघेणं बाकी नाही. त्या ओळीखाली काय दडलंय ते सांगतो.

नोटीसच्या दुसऱ्या आठवड्यात मी मिरजेच्या एका जुन्या स्टॉकिस्टकडे गेलो. त्यांना मी काकाच म्हणायचो. त्यांनी काउंटरवर काही न बोलता मागच्या गोडाउनचा दिवा लावला. भिंतीला लागून आमच्या सिरपची अकरा खोकी, मार्चच्या क्लोजिंगला मी गळ्यात मारलेली. वरच्या खोक्यावर धूळ, त्यावर बोटानं कुणीतरी एक्सपायरीचा महिना लिहिलेला. काका म्हणाले, "साहेब, तुम्ही चाललात. हे आता मी कुणाला विचारू?" मॅनेजरच्या दबावाखाली का होईना, ते बिल मी फाडलं होतं आणि "दोन महिन्यांत काढून देतो" हा शब्दही माझाच होता.

तिथंच फरशीवर बसून आम्ही यादी केली: माल, बॅच, एक्सपायरी, बिलाचा नंबर, तोंडी कबूल केलेली स्कीम, न आलेल्या क्रेडिट नोटा (कंपनीनं परत द्यायच्या रकमेच्या चिठ्ठ्या). काकांनी दुकानाचा शिक्का मारून सही केली, मीही केली. ती यादी मी एरिया मॅनेजर आणि डेपो दोघांना मेल केली आणि काकांना प्रत दिली. असं सहा स्टॉकिस्टकडे केलं, तीन दिवस गेले. मॅनेजर चिडला, कारण तोंडी गोष्टी आता कागदावर आल्या होत्या. पण मी गेल्यावर "हे त्या पोरानं केलं, आम्हाला माहीत नाही" म्हणायची सोय उरली नाही. काकांची क्रेडिट नोट यायला पाच महिने लागले, पण आली.

तुम्हीही हे करा. तीन सापळे टाळा:

• जाता जाता "शेवटचं एक क्लोजिंग कर, मग सोडतो" म्हणतील. एकही खोकं जास्तीचं उतरवू नका.
• स्टॉकिस्टला कंपनीकडून मिळायचे पैसे स्वतःच्या खिशातून भरून नो ड्यूज घेऊ नका. कंपनीचं देणं कंपनीचंच.
• कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नो ड्यूजवर ना स्वतः सही करा, ना स्टॉकिस्टला करायला लावा.

८. वस्तू आणि सॅम्पल परत करणं

टॅबलेट, सिम, आयकार्ड, डिटेलिंग बॅग, व्हिज्युअल एड, उरलेली सॅम्पल. टॅबलेटमधले घरचे फोटो काढून घ्या, कंपनीच्या फाइल पुसू नका. सॅम्पलचा हिशोब नीट जुळवा. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनुसार कुठल्या डॉक्टरला कुठलं सॅम्पल कधी आणि किती दिलं याची नोंद कंपनीला ठेवावी लागते, त्यामुळे तफावत निघाली तर विचारणा तुमच्याकडेच येते. कुरिअरनं पाठवत असाल तर प्रत्येक वस्तूचा फोटो, अनुक्रमांक आणि पावती जपा.

९. पैसे आणि कागद: शेवटच्या दिवसानंतर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. एमआरसाठी १९७६ पासून असलेला विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदाही त्यांत सामावला गेला. वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करण्याची तरतूद आहे. एचआर "आमच्याकडे ४५ दिवस लागतात" म्हणालं तर नम्रपणे हे कलम दाखवा. मात्र प्रवासखर्च आणि कमिशन या व्याख्येतल्या वेतनात येत नाहीत, म्हणून टीए-डीएचे सगळे क्लेम शेवटच्या दिवसाच्या आधीच मंजूर करून घ्या. ग्रॅच्युइटीसाठी वेगळा अर्ज द्या, ती ३० दिवसांत द्यावी लागते.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांची मोजणीही तुटते. जुन्या कंपनीनं एक्झिटची तारीख टाकली का ते पोर्टलवर बघा. दोन महिन्यांनंतरही टाकली नसेल तर आधारच्या ओटीपीनं ती स्वतः भरता येते. आणि जॉइनिंगची तारीख शेवटच्या दिवसाच्या नंतरचीच घ्या, एका दिवसानंही आधी नको. पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की पुढच्या प्रत्येक पडताळणीत खुलासे देत बसावं लागतं.

कराचं एक गणित. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली आणि नव्या कंपनीला जुना पगार सांगितला नाही, तर दोन्ही कंपन्या कर कापताना सूट आणि (नव्या करपद्धतीत ७५,००० ची) प्रमाणित वजावट स्वतंत्रपणे धरतात. रिटर्न भरताना एकदम मोठा कर व्याजासकट समोर येतो. पहिल्याच आठवड्यात जुन्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती नव्या एचआरला द्या.

ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. घरात आई-वडिलांचं आजारपण असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज आधीच करा, म्हणजे जुन्या आजारांसाठी भरलेली प्रतीक्षेची मुदत वाया जात नाही.

रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र ही दोन वेगळी पत्रं आहेत, दोन्ही मागा. नावाचं स्पेलिंग, पद आणि दोन्ही तारखा तिथल्या तिथं तपासा.

१०. नव्या बॅगेचा पहिला महिना

तुम्ही केबिनमध्ये जाता, डॉक्टर बॅगेकडे बघतात आणि विचारतात, "काय रे, मग आधीचं औषध वाईट होतं का?" हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात चौघांनी विचारला. "नाही सर, ते चांगलंच आहे, पेशंटला सूट झालं असेल तर बदलू नका. नव्या पेशंटसाठी माझं बघा," असं मी म्हणालो. काल ज्याची स्तुती केली त्याची आज निंदा केलीत तर उद्या तुमच्या नव्या मॉलिक्यूलवर कोण विश्वास ठेवेल?

जुन्या कंपनीच्या अडचणी, तिथल्या मॅनेजरचे किस्से, पुढची लाँच, हे नव्या मॅनेजरनं जॉइंट वर्किंगला (सोबत फिरतीवर असताना) गाडीत कितीही खोदून विचारलं तरी बोलू नका. माझ्या जागी आलेल्या मुलाचा तिसऱ्या दिवशी फोन आला. जतला मुक्कामाला स्वस्त लॉज कुठलं, विट्याची शेवटची एसटी किती वाजता, असं विचारत होता. सगळं सांगितलं. औषधांबद्दल त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही.